अळूं, सुरण आणि त्यांचें गणगोत

'अळवावरचें पाणी' हा शब्दप्रयोग ज्याच्या कानावरून गेला नाहीं असा मराठी मनुष्य विरळा. धनाची अशाश्वतता सांगावयाची असो, कीं ऐकल्यासारखें करून मनावर कांहींच न घेणाऱ्या मुलाची तक्रार करावयाची असो, आपल्या आजीबाईंना दुसरी उपमा शोधावी लागत नसे. कारण ती उपमा मोरीच्या पलीकडेच उभी असे. सकाळीं तांब्याभर पाणी ओतलें कीं अळवाच्या पानावर त्याचे मोत्यासारखे थेंब होत, क्षणभर डुलत, आणि पान ओलें न करतां घरंगळून जात. आज शब्दप्रयोग घरोघर आहे. पान मात्र भाजीवाल्याच्या जुडींतच पाहावयाचें, आणि तेंहि वर्षांतून दोनचार वेळां, अशी स्थिति आली आहे. शहरांतील कितीएक सुशिक्षित घरांत वाढलेल्या मुलामुलींना अळवाचें उभें झाड दाखविलें, तर तें शोभेचें आहे कीं खाण्याचें हें त्यांना सांगतां यावयाचें नाहीं. आणि पुढें दिसून येईल त्याप्रमाणें हें अज्ञान नेहमींच निरुपद्रवी असतें असें नाहीं. म्हणून ह्या अंकीं अळूं, सुरण व त्यांच्या गणगोताची थोडी विस्तारानें ओळख करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पानावर पाणी कां ठरत नाहीं

प्रथम त्या प्रसिद्ध थेंबाविषयीं. अळवाच्या पानावर नुसत्या डोळ्यांनीं न दिसणारे असंख्य उंचवटे असतात व त्यांवर मेणाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर असतो. पाण्याचा थेंब ह्या उंचवट्यांच्या केवळ टोकांवर टेकतो. मधल्या फटींत हवा राहते. त्यामुळें तो पसरत नाहीं, गोल राहतो, आणि पान किंचित् कललें कीं वाटेंतली धूळ व बुरशीचे बीजाणु बरोबर घेऊन खालीं उतरतो. बार्थलॉट आणि नाइनहुइस ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं ह्या गुणाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांनीं कमळाच्या पानाबरोबर अळवाचें पानहि तपासलें होतें. सारांश, पावसाळ्याच्या चिखलांत उभें असूनहि अळवाचें पान इतकें स्वच्छ कसें राहतें, ह्याचें उत्तर आपल्या त्या शब्दप्रयोगांतच दडलेलें आहे.

कुळाची ओळख

अळूं ज्या कुळांतलें त्याला आपल्याकडे सुरणकुल असें म्हणतात. अळवाचें शास्त्रीय नांव कोलोकेशिया एस्क्यूलेंटा. सुरण त्याचा थोरला भाऊ, कासाळूं चुलत भाऊ आणि पावसाच्या आरंभीं ठाणें-रायगडच्या बाजारांत दिसणारें शेवळें हें सुरणाचें रानांतलें भावंड. ह्या कुळाची खूण फुलावरून पटते. मध्यें एक दांडा, त्यावर दाटीनें बसलेलीं बारीक फुलें, आणि भोंवतीं ओंजळीसारखें वळलेलें एक आवरण, अशी त्याची ठेवण असते. अळवाला आपल्या हवेंत फूल क्वचितच येतें. सुरणाचें फूल मात्र एकदां पाहिलें, किंबहुना हुंगलें, कीं विसरत नाहीं. तें पानाच्या आधीं जमिनींतून वर येतें, काळसर जांभळें असतें आणि त्याला सडक्या मांसासारखी दुर्गंधि येते. ह्या दुर्गंधीनें घाणीवर बसणाऱ्या माशा व किडे तेथें ओढले जातात आणि परागवहनाचें काम करून जातात. ह्याच वंशांतील सुमात्रा बेटावरचें राक्षसी फूल ओदोआर्दो बेक्कारी ह्या इटालियन संशोधकानें १८७८ मध्यें शोधून काढलें. लंडनजवळील क्यू येथील उद्यानांत तें १८८९ मध्यें प्रथम फुललें. आपला गरीब सुरण हा त्या जगप्रसिद्ध फुलाचा सख्खा नातेवाईक होय.

सुरणाचें जें छत्रीसारखें झाड आपणांस दिसतें तें झाड नसून एकच पान असतें, आणि ठिपक्यांचा जो बुंधा दिसतो तो त्या पानाचा देठ. खालीं जमिनींत जो गड्डा असतो तो मूळ नसून खोडच होय. अळवाचेंहि तसेंच. अळकुडी किंवा आरवी म्हणून आपण जी आणितों ती अळवाच्या मुख्य गड्ड्याला फुटलेलीं पिल्लें असतात. कांहीं जातींत पानें चांगलीं, तर कांहींत गड्डे चांगले. म्हणून पानासाठीं लावावयाचें अळूं आणि अळकुड्यांसाठीं लावावयाचें अळूं हीं निरनिराळीं असतात.

कोनफळ, कारांदा व कणगर हीं सुरणाच्या जोडीनें बाजारांत येतात खरीं, परंतु त्यांचें कुळ वेगळें. तीं वेलींच्या गांठी व कंद होत. कारांद्याला जमिनीबाहेर वेलीवरच बटाट्यासारख्या गांठी लागतात, आणि कापल्यावर जांभळें दिसणारें कोनफळ हा तर जमिनींतला मोठा कंद. शास्त्र कुळें निरनिराळीं मानो. गोव्यांतील गृहिणी मात्र खतखत्यांत ह्या साऱ्यांना एकाच पातेल्यांत, तिरफळांच्या साक्षीनें, सुखानें नांदविते.

जगाच्या पंक्तींत अळूं

अळूं ही केवळ आपल्या परसांतली वस्तु आहे असें समजणें बरोबर नाहीं. मनुष्यानें लागवडीस घेतलेल्या अगदीं जुन्या वनस्पतींत त्याची गणना होते. पापुआ न्यू गिनी देशाच्या डोंगराळ भागांत कूक येथील दलदलीच्या जागीं सांपडलेल्या, सुमारें १० हजार वर्षांपूर्वींच्या दगडी हत्यारांवर अळवाच्या पिठाचे कण आढळले आहेत. तेथील प्राचीन शेतीच्या खुणांमुळें युनेस्कोनें २००८ सालीं त्या स्थळाला जागतिक वारशाचा मान दिला. हवाई बेटांवर अळवाचा शिजविलेला गड्डा ठेंचून 'पोई' नांवाचें जें आंबवण करितात तें तेथील लोकांचें मुख्य अन्न होतें, आणि त्याचें पीठ अतिशय बारीक कणांचें व पचावयास हलकें असल्यामुळें तान्ह्या मुलांनाहि तें देत असत.

पश्चिमेकडे हीच वनस्पति फार पूर्वीं मिसर देशांत पोंचली. तेथें तिला 'कुल्कास' म्हणतात. हिरव्या पाल्यांत, लसूण व कोथिंबीर घालून तिची पातळ भाजी करितात, आणि कॉप्टिक ख्रिस्ती लोकांत जानेवारींतील एका सणाला ती व्हावयाचीच असा नेम आहे. जपानांत शरद् ऋतूंतील पौर्णिमेला चंद्रदर्शनाच्या वेळीं लहान अळकुड्या उकडून मांडतात. त्या पौर्णिमेला 'अळकुडीची पौर्णिमा' अशा अर्थाचें नांवहि आहे. कोजागरीच्या दुधाइतकेंच हें त्यांना अगत्याचें वाटतें. अळूं जेथें जेथें गेलें तेथें तेथें त्यानें देवघराचा व सणाचा उंबरठा ओलांडलेला दिसतो.

पाहुण्याला पाट आणि घरच्याला मोरी

आमच्याकडे ह्या बाबतींत एक मौजेचा उलटा न्याय आहे. बटाटा हा अमेरिकेंतून पोर्तुगीजांच्या मागून आलेला पाहुणा. त्याचें नांवहि मुळांत रताळ्याचें होतें. रताळें अमेरिकेचें. ज्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो अमेरिकेचा. शेंगदाणा व मिरची तिकडचींच. हे सगळे पाहुणे एकादशीच्या फराळांत पाटावर बसले आहेत. ह्यांपैकीं कोणीहि हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वीं हजारों वर्षें आपल्या पूर्वजांना जीं कंदमुळें ठाऊक होतीं त्यांपैकीं सुरण व कोनफळ एवढींच काय तीं कांहीं घरांत उपवासाला चालतात, आणि अळकुडीविषयीं तर घरोघर मतभेद. संस्कृतांत 'आलुक' हा शब्द कंदाचाच वाचक होता. उत्तरेकडे त्याच घराण्यांतलें 'आलू' हें नांव पुढें बटाट्यानें पटकाविलें. नांव गेलें, मान गेला, आणि अळूं मोरीच्या कडेला राहिलें.

तथापि एका दिवशीं ह्या गणगोताचा मान अजून टिकून आहे. तो दिवस म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमी, ऋषिपंचमी. त्या दिवशीं बैलाच्या श्रमानें पिकलेलें धान्य वर्ज्य मानून परसांत, कुंपणावर आपोआप किंवा हातानें लावून आलेल्या भाज्या व कंद खाण्याची चाल आहे. अळूं, सुरण, कारांदे, भोंपळा, पडवळ, कणसें, अंबाडी असें जें मिळेल तें एकत्र करून, मसाल्याचा सोस न करतां जी भाजी होते तिची रुचि पंचपक्वान्नांना नाहीं. व्रताच्या मूळ कल्पनेंतील विटाळासंबंधींचा भाग आज कोणी सुज्ञ मानीत नाहीं व मानूंहि नये. परंतु नांगराविना आलेल्या अन्नाची वर्षांतून एकदां आठवण करणें ही गोष्ट कोणत्याहि काळांत शहाणपणाचीच ठरेल. त्याशिवाय लग्नाच्या पंक्तींत अळवाची पातळ भाजी आणि श्राद्धाच्या पानावर अळवाच्या वड्या आहेतच. मंगल आणि अमंगल अशा दोन्हीं प्रसंगीं ज्याला बोलावणें जातें तें घरचेंच माणूस म्हणावयाचें.

खाज कां सुटते

अळवाच्या वांट्याला जी थोडी अप्रीति आली आहे तिचें कारण त्याची खाज. ह्या कुळांतील वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात. पान किंवा गड्डा कापतांना, चावतांना ह्या सुया बाहेर पडून कातडींत, जिभेंत व घशांत टोंचतात. आणि वनस्पतींतील कांहीं प्रथिनें त्या बारीक जखमांतून आंत शिरून आग व सूज उत्पन्न करितात. वनस्पतीनें आपल्या रक्षणासाठीं केलेली ही योजना आहे.

ह्यावरून स्वयंपाकघरांतील जुन्या चालींचा अर्थ लागतो. पुष्कळ वेळ शिजविणें ही त्यांतली मुख्य. उष्णतेनें तीं प्रथिनें निकामी होतात. अर्धें कच्चें अळूं जें खाजतें तें म्हणूनच. चिंच, आमसूल, आंबट चुका, ताक ह्यांपैकीं कांहीं तरी आंबट घालण्याचा नेमहि सर्वत्र आहे. आंबटानें तोंडाला बरें वाटतें व चव साधते ह्यांत शंका नाहीं. परंतु चिंचेनें ते स्फटिक विरघळून जातात अशी जी समजूत आहे तिच्यावर विसंबून शिजविण्यांत कसूर करूं नये. सुरण सोलतांना हात कोरडे असावे व त्यांना तेल चोळावें; फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यांत उकडून तें पाणी टाकून द्यावें. अळवाचे देठ सोलून घ्यावे.

येथें एक सूचना अवश्य केली पाहिजे. ज्यांना मूतखड्याचा विकार आहे त्यांनीं अळवाचें पान वैद्याला किंवा डॉक्टरला विचारूनच खावें. कारण त्यांत ऑक्झलेट पुष्कळ, आणि जोडीला चुका घातला तर त्यांतहि तेंच. अळूं दुधादह्याबरोबर खाल्लें असतां त्यांतील कॅल्शियम ऑक्झलेटला आंतड्यांतच बांधून ठेवितें व शरीरांत कमी शिरूं देतें. तेव्हां भाजीमागून ताकभात घेण्याची आपली चाल ह्या दृष्टीनेंहि योग्यच दिसते. निरोगी माणसाला बेताच्या प्रमाणांत भिण्याचें कारण नाहीं. पानांत जीवनसत्त्व 'अ' उत्पन्न करणारें द्रव्य भरपूर असतें.

दोन अळवें, दोन कृति

बाजारांत दोन तऱ्हेचें अळूं येतें. भाजीचें अळूं फिकट हिरव्या पानांचें व हिरव्या देठांचें. वडीचें अळूं गडद हिरव्या, जाडसर पानांचें व काळसर जांभळ्या देठांचें. मराठवाड्यांत व तेलंगणाच्या लगतच्या भागांत अळवालाच चमकुरा म्हणतात. 'चामकूर' ह्या तेलुगु नांवाचेंच तें मराठी रूप.

पातळ भाजीला आपल्याकडे कौतुकानें फदफदें म्हणतात. नांव ऐकून नवा माणूस बिचकतो, पण चव घेतल्यावर दुसऱ्यांदा वाढून घेतो. पानें व सोललेले देठ चिरून, भिजवलेली हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे ह्यांसह शिजवावे. मग पानें व देठ रवीनें चांगले घोटून घ्यावे, थोडें डाळीचें पीठ लावावें, चिंच, गूळ, मीठ, गोडा मसाला घालून उकळी आणावी आणि वरून हिंग-मेथीची, सुक्या मिरचीची खमंग फोडणी द्यावी. ओल्या खोबऱ्याचे पातळ काप व मुळ्याच्या चकत्या पाहिजेतच. कोंकणांत पावसाळ्यासाठीं राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या घालतात आणि चिंचेऐवजीं आमसुलें. गोव्याकडे आंबाडे घालण्याची रीत आहे.

वड्यांसाठीं पानें धुवून, पुसून, पाठीमागील जाड शिरा सुरीनें तासाव्या किंवा लाटण्यानें चेपाव्या. डाळीच्या पिठांत थोडी तांदुळाची पिठी, चिंचेचा कोळ, गूळ, तिखट, हळद, तीळ, मीठ घालून दाटसर पीठ भिजवावें. सर्वांत मोठें पान पालथें ठेवून त्याच्या पाठीवर पीठ सारवावें, त्यावर दुसरें पान उलट दिशेनें, अशीं चारपांच पानें झालीं कीं कडा आंत मुडपून घट्ट वळकटी करावी. वीस-पंचवीस मिनिटें उकडावी, पूर्ण निवल्याखेरीज कापूं नये, मग तळावी किंवा तव्यावर परतावी. घाईनें कापलेली वडी सुटते आणि घाईनें उकडलेली खाजते. हीच वस्तु सारस्वत घरांत भिजवून वाटलेल्या तांदुळांत, खोबरें-मिरची घालून होते, तिला पत्रोडे म्हणतात. गुजराथेंत तिला पात्रा म्हणतात. चव प्रत्येकीची निराळी, पान मात्र एकच.

सुरणाविषयीं वैद्यकांत आदर आहे. मूळव्याधीवर उपयोगी म्हणून त्याला 'अर्शोघ्न' असेंच नांव पडलें आहे. उकडून, मीठ-तिखट लावून तव्यावर खरपूस परतलेल्या सुरणाच्या कापांना बटाट्याचे काप पोंचत नाहींत, असें आमचें प्रांजळ मत आहे.

रानांतले भाऊबंद

मृगाचा पाऊस पडला कीं कर्जत, पनवेल, ठाणें येथील बाजारांत ठाकूर, कातकरी, वारली बायका शेवळ्यांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळें म्हणजे सुरणाच्या वंशांतील रानटी झाडाचा कळा. त्यांतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, आणि काकड नांवाच्या झाडाचीं आंबट फळें ठेंचून त्यांच्या रसांत तो शिजवावा लागतो; नाहीं तर घसा धरतो. कायस्थ प्रभु व पाठारे प्रभु घरांत ह्याचें फार कौतुक. हें सर्व ज्ञान त्या रानांतल्या बायकांचें आहे. शेवळ्याबरोबर काकडांचा वांटा त्या स्वतःच बांधून देतात. कोंकणांत ओढ्याकांठीं येणारें तेरें हेंहि असेंच रानअळूं. गोव्यांत आषाढांत त्याची भाजी होते.

परंतु एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. शेवळ्याचा आपण कळाच खातों. कळा खुडला म्हणजे त्या वर्षाचें बीज गेलें. रानें कमी होत आहेत आणि मागणी वाढत आहे. तेव्हां हंगामांत एकदोनदां आणावें, भाव करीत बसूं नये, आणि रानांत स्वतः जाऊन ओळखीवाचून कांहींहि उपटूं नये. रानकंदांपैकीं कांहीं जातींचे कंद कापून वाहत्या पाण्यांत पुष्कळ वेळ ठेवल्याखेरीज विषारी असतात.

परसांत व गॅलरींत

अळूं लावणें फार सोपें. ज्येष्ठांत, पहिल्या पावसाबरोबर, एक गड्डा किंवा बगलेचें पिल्लू ओलसर, अर्धवट सावलीच्या जागीं, चारपांच बोटें खोल लावावें. वाफ्यांत दोन रोपांत दीड-दोन हात अंतर असावें. शेणखत भरपूर घालावें. सुमारें दोन महिन्यांत पानें काढण्याजोगीं होतात. बाहेरचीं पानें काढावीं, मधलीं दोनतीन ठेवावीं. मधून मधून बुंध्याला माती चढवावी. गड्ड्यांसाठीं लावलें असेल तर सहासात महिन्यांनीं पानें पिवळीं पडूं लागल्यावर काढावें. ज्यांना परसू नाहीं त्यांनीं हातभर रुंद व तितकीच खोल कुंडी घेतली तरी चालतें. फक्त माती कधीं वाळूं देऊं नये. पानासाठीं दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें 'कोंकण हरितपर्णी' नांवाची जाति काढली आहे. तिरुअनंतपुरम् येथें १९६३ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेनेंहि अळकुडी व सुरण ह्यांच्या अनेक सुधारलेल्या जाती दिल्या आहेत.

सुरण वैशाखांत लावतात. गड्ड्याचा अर्धा किलो वजनाचा, वरच्या डोळ्याचा भाग असलेला तुकडा राखेंत घोळून लावावा. आठनऊ महिन्यांनीं छत्री पिवळी होऊन आडवी पडली कीं खणावा. बारीक पिल्लांपासून सुरुवात केली तर तीनचार वर्षें दरसाल खणून पुन्हां लावावें लागतें. धीराची शेती आहे. परंतु काढलेला सुरण कोरड्या जागीं महिनोन्महिने टिकतो.

आतां दोन सावधगिरीच्या गोष्टी. पूर्वीं मोरीच्या पाण्यावर अळूं वाढे, त्या पाण्यांत राख, शिकेकाई, तांदुळाचें धुवण एवढेंच असे. आजच्या सांडपाण्यांत साबणाचीं चूर्णें, तऱ्हेतऱ्हेचीं औषधी द्रव्यें आणि शहरांत तर कारखान्यांचें पाणीहि असतें. मोठ्या शहरांत लोहमार्गांच्या व नाल्यांच्या कडेला वाढलेलीं तजेलदार पानें पाहून भुलूं नये. पालेभाज्या शिसें, कॅडमियम ह्यांसारखे धातु पाण्यांतून व मातींतून सहज शोषून घेतात, आणि ते शिजविल्यानें जात नाहींत. भाजी कोठून येते हें विचारून घेण्यांत संकोच कसला ? घरच्या कुंडीचा मोठा फायदा हाच.

दुसरी गोष्ट शोभेच्या झाडांची. हल्लीं दिवाणखान्यांत ठेवण्यासाठीं ह्याच कुळांतील अनेक झाडें विकत मिळतात. ठिपक्याठिपक्यांच्या पानांचें डिफेनबाखिया, रंगीत पानांचें कॅलेडियम, लांबट ढालीसारख्या पानांचें अॅलोकेशिया हीं दिसावयास सुंदर. परंतु तोंडांत घातलीं तर जीभ व घसा सुजवितात. लहान मुलें असलेल्या घरांत हीं हाताच्या उंचीवर ठेवूं नयेत, आणि अळवासारखें दिसतें म्हणून कोणतेंहि पान पातेल्यांत घालूं नये. खऱ्या अळवाची एक खूण अशी कीं देठ पानाच्या खांचेंत न जुळतां थोडा आंत, पानाच्या पाठीवर जुळलेला असतो व पानाचें टोंक खालीं झुकलेलें असतें. परंतु केवळ ह्या खुणेवर भिस्त ठेवूं नये. जाणत्याच्या हातून आलेलाच गड्डा लावावा.

गड्ड्यांची देवघेव

आतां शेवटची व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अळूं बियांवर लावीत नाहींत. गड्ड्याला फुटलेलें पिल्लू काढून लावितात. म्हणजे आजीच्या परसांतलें अळूं आणि नातीच्या कुंडींतलें अळूं हीं दोन झाडें नसून एकच झाड पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें असतें. एखाद्या घरचें अळूं मुळींच खाजत नाहीं, एखाद्याचें पान फार मोठें होतें, एखादें उन्हाळ्यांतहि टिकतें. हे गुण बियाणांच्या दुकानांत मिळत नाहींत. ते माहेराहून सासरीं, शेजारणीकडून शेजारणीकडे, ओल्या फडक्यांत गुंडाळून गेलेले असतात. कोणत्याहि दप्तरांत त्यांची नोंद नाहीं. वाडा पाडून तेथें इमारत उठते तेव्हां त्या वाड्यामागचें अळूं दगडमातीबरोबर जातें, आणि तेंच पिल्लू दुसऱ्या कोणाकडे दिलेलें नसेल तर ती जात कायमची गेली.

ह्यांत अतिशयोक्ति नाहीं, हें दाखविण्यास सामोआ बेटांचें उदाहरण पुरे आहे. तेथें अळवाचा गड्डा हें लोकांचें नित्याचें अन्न व परदेशीं विकण्याचें मोठें पीक होतें. परदेशीं खप चांगला म्हणून बहुतेक शेतकऱ्यांनीं एकच जात लाविली होती. १९९३ सालीं पानावरचा करपा तेथें पोंचला, आणि थोड्याच काळांत शेतें करपून निर्यात जवळजवळ थांबली. हा रोग बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवामुळें होतो. राचिबोर्स्की ह्या शास्त्रज्ञानें १९०० सालीं जावा बेटांतील नमुन्यांवरून त्याचें वर्णन केलें, आणि आपल्याकडील ह्या रोगाचा अभ्यास बटलर व जी. एस. कुलकर्णी ह्यांनीं १९१३ मध्येंच प्रसिद्ध केला होता. सामोआचें पीक पुन्हां उभें राहिलें तें इतर देशांतील निरनिराळ्या जाती आणून, त्यांच्याशीं संकर करून. दूरदूरच्या परसांतून ज्या जाती कोणी तरी निष्कारण जपून ठेविल्या होत्या त्यांनीं शेवटीं एका राष्ट्राचें अन्न वांचविलें.

आपल्या देशांत करपा आहेच; पावसाळ्यांत पानांवर तपकिरी वर्तुळें पडलेलीं कितींनीं पाहिलीं असतील. तशीं पानें लागलीच काढून टाकावीं, आणि रोपें दाट लावूं नयेत. परंतु खरा बंदोबस्त म्हणजे अनेक घरीं अनेक जाती असणें हाच होय. संशोधनसंस्था आपलें काम करीतच आहेत. तथापि प्रत्येक घरचें पिल्लू त्यांच्यापर्यंत पोंचणें शक्य नाहीं. तें काम ज्यांच्या हातांनीं आजवर झालें त्याच हातांनीं पुढें झालें पाहिजे.

म्हणून आमच्या वाचकभगिनींना व बंधूंनाहि आमची विनंति अशी आहे. येत्या ज्येष्ठांत गांवीं, माहेरीं, आजोळीं जाणें झालें तर तेथल्या परसांत एकवार डोकवावें. अळूं असेल तर तें वडीचें कीं भाजीचें, कोठून आलें, कोणीं लावलें हें घरांतील वडील माणसांना विचारून घ्यावें, आणि उत्तर कागदावर टिपून ठेवावें. कारण तें सांगणारें माणूस पुढल्या खेपेस असेलच असें नाहीं. निघतांना एक पिल्लू मागून आणावें. त्यासाठीं कुंडी, मूठभर खत आणि रोजचें तांब्याभर स्वच्छ पाणी एवढेंच लागतें. दोन महिन्यांनीं पहिलीं पानें निघतील, तेव्हां वड्या कराव्या. आणि दुसऱ्या वर्षीं बगलेला पिल्लें फुटतील, तेव्हां एक पिल्लू शेजारीं द्यावें.